छोट्या मेघातली गर्दी

मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या आकाशात छोटा मॅगेलनी मेघ कधीच उगवत नाही. आकाशाच्या दक्षिण ध्रुवापासून तो जेमतेम सतरा अंशांवर आहे आणि त्याची रोजची फेरी आपल्या क्षितिजाखालीच पुरी होते. कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरून तो समुद्रावर नऊएक अंश वर येतो खरा, पण तिथल्या दमट हवेत तो दिसणं मुश्कीलच. नीट पाहायचा तर चिली, दक्षिण आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलिया गाठायला हवं. तिथे अमावास्येच्या रात्री तो नुसत्या डोळ्यांना पांढुरक्या डागासारखा दिसतो. हा डाग म्हणजे एक वेगळी दीर्घिका आहे, आपल्यापासून सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं दूर. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे, हे लक्षात घेतलं तर हा मेघ अगदी शेजारचा.

आकारानं आणि वजनानं तो किरकोळ आहे. आपल्या आकाशगंगेच्या वस्तुमानाच्या एखाद-दोन टक्के भरेल इतकाच. आकाशगंगेत क्ष-किरण स्पंदकांच्या, म्हणजे क्ष-किरणांचे ठरावीक ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ज्या जोड्या माहीत आहेत, त्यांची संख्या काही डझनांत मोजता येते. त्या हिशेबानं छोट्या मेघात अशी एखाद-दुसरी जोडी असावी. प्रत्यक्षात तिथे साठाहून अधिक स्पंदक सापडले आहेत. एवढ्याशा घरात एवढी माणसं कुठून आली, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षं खगोलशास्त्रज्ञांना झपाटून आहे. त्याचं उत्तर आता बरंचसं हाती आलं आहे, आणि ते उत्तर मला मूळ शोधापेक्षाही थक्क करणारं वाटतं.

आधी ही जोडी कशी जमते ते पाहू. दोन वजनदार तारे एकमेकांभोवती फिरत जन्माला येतात. त्यातला जो जास्त जड, तो आपलं इंधन लवकर संपवतो, फुगतो, आणि त्याचा बाहेरचा वायू जोडीदाराकडे ओघळतो. जोडीदार त्या वायूबरोबर फिरकीही घेतो आणि स्वतःभोवती भयानक वेगानं गरगरू लागतो. पुढे पहिल्या ताऱ्याचा अतिनवतारा म्हणून स्फोट होतो आणि मागे उरतो न्यूट्रॉन तारा: वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट, व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर. पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याइतकं अंतर, आणि त्यात अख्ख्या सूर्याहून जास्त माल. स्फोटाच्या धक्क्यातूनही जोडी टिकली, तर कक्षा सहसा लांबोडकी होते. गंमत अशी, की मेलेला तारा आता जिवंत जोडीदाराकडून घेऊ लागतो. जे दिलं होतं, त्यातलंच थोडं परत.

जोडीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे खेचला जातो, पण त्याला हव्या त्या जागी पडता येत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखो कोटी पट तीव्र असतं. ताऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असतानाच ते क्षेत्र वायूला पकडतं आणि बलरेषांवरून थेट दोन चुंबकीय ध्रुवांवर आणून आपटतं. पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्या वायूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा जास्त झालेला असतो. आपटण्याची जागा साधारण किलोमीटरभर रुंद, आणि तिथलं तापमान कोट्यवधी अंश. इतकी तापलेली वस्तू दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा क्ष-किरणांतून फेकते. पडणाऱ्या प्रत्येक ग्रॅममधून जी ऊर्जा बाहेर येते, ती हायड्रोजनच्या अणुसंमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या वीसेक पट भरते. सूर्य ज्या क्रियेवर जगतो, तिच्यापेक्षा नुसतं पडणं इतकं जास्त फायद्याचं ठरावं, याचं आश्चर्य माझ्या मनातून जात नाही. सगळी करामत त्या वीस किलोमीटरच्या गोळ्याच्या गुरुत्वाकर्षणाची.

आता हे तापलेले ध्रुव ताऱ्याच्या फिरण्याच्या अक्षावर नेमके बसत नाहीत, थोडे तिरके असतात. तारा फिरला की तापलेला ठिपका आपल्यासमोर येतो आणि पुन्हा मागे जातो. क्ष-किरण वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. तोच त्याचा ठेका. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेले रेडिओ स्पंदक स्वतःच्या फिरकीचं भांडवल खर्चून चमकतात आणि हळूहळू मंदावतात. क्ष-किरण स्पंदक जोडीदाराच्या जिवावर चमकतात, आणि अंगावर पडणारा वायू त्यांची फिरकी वाढवूही शकतो.

ही उकल झाली ती उहुरू या उपग्रहामुळे. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून १९६२ मध्ये रिकार्डो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृश्चिकेतला पहिला तेजस्वी क्ष-किरण स्रोत शोधला, तो रॉकेटवर उपकरण पाठवून. रॉकेटला वातावरणाबाहेर काही मिनिटंच मिळत. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या मंचावरून उहुरू उडाला आणि पहिल्यांदाच क्ष-किरणांचं आकाश महिनोन्महिने पाहता आलं. पुढच्याच वर्षी नरतुरंग तारकासमूहातला सेन एक्स-३ हा स्रोत दर ४.८ सेकंदांनी ठोका देतो, हे लक्षात आलं. खरी मौज पुढे होती. तो ठेका पक्का नव्हता. काही काळ ठोके जरा जवळजवळ येत, मग जरा लांबत, आणि हा चढउतार बरोबर २.१ दिवसांत पुरा होई. त्याच २.१ दिवसांच्या चक्रात स्रोत काही तास पार नाहीसाही होई. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्यावर चित्र लख्ख झालं: ठोके देणारी वस्तू कुणाभोवती तरी फिरते आहे. आपल्याकडे येताना तिचे ठोके दाटतात, दूर जाताना विरळ होतात, आणि ती मोठ्या जोडीदाराच्या मागे गेली की ग्रहण लागतं. जोडीतला मोठा तारा दुर्बिणीतून ओळखला जाण्याआधीच त्याच्या कक्षेचा हिशेब क्ष-किरणांनी मांडून दिला होता. पुढे २००२ मध्ये जाकोनींना या क्षेत्रातल्या कामाबद्दल नोबेल मिळालं.

छोट्या मेघातला पहिला स्रोत त्याच सुमाराला सापडला. त्याचं नाव एसएमसी एक्स-१. उहुरूनं दाखवून दिलं, की त्याला दर ३.९ दिवसांनी ग्रहण लागतं. जोडी आहे हे ठरलं, पण ठेका? तो ऐकू आला एका अनपेक्षित ठिकाणी. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली. शीतयुद्धातल्या त्या हस्तांदोलनाचे फोटो जगभर छापून आले. त्याच अपोलोवर एक छोटं क्ष-किरण उपकरण होतं, आणि त्याच्या नोंदींतून एसएमसी एक्स-१ दर ०.७१ सेकंदाला ठोका देतो, हे निघालं. आपल्या दीर्घिकेबाहेरचा हा पहिला स्पंदक. सेकंदाला जवळजवळ दीड फेरा मारणारी वस्तू, दोन लाख प्रकाशवर्षांवरून, आणि तिचा ठेका हिशेबात पकडता आला. मला त्या हस्तांदोलनापेक्षा ही नोंद मोठी वाटते, पण ती बातम्यांत फारशी आली नाही.

त्यानंतर दोन दशकं संख्या रेंगाळली. १९७७ मध्ये एसएमसी एक्स-२ आणि एक्स-३ दिसले, पण त्यांचे ठेके कळायला फार उशीर लागला. नव्वदच्या दशकात जर्मनीच्या रोसॅट आणि जपानच्या आस्का उपग्रहांनी आणखी काही जोडले. आणि मग आला रॉसी क्ष-किरण उपग्रह, ३० डिसेंबर १९९५ रोजी उडालेला.

रॉसीची एक मर्यादा होती आणि तीच त्याची ताकद ठरली. त्याला चित्र काढता येत नसे. त्याच्या संवेदकांना आकाशाचा साधारण एक अंशाचा तुकडा एकदम दिसे, म्हणजे दोन पूर्ण चंद्र शेजारी ठेवले तर जितकी रुंदी होईल तितका, आणि त्या तुकड्यातून आलेले सगळे क्ष-किरण एकत्रच मोजले जात. पण मोजण्याची वेळ तो सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत अचूक नोंदवी, आणि संवेदकांचं क्षेत्रफळ प्रचंड होतं. १९९७ च्या अखेरीस त्यानं छोट्या मेघाकडे पाहिलं तेव्हा कळलं, की एकाच तुकड्यातून एकापेक्षा जास्त ठेके येत आहेत. रॉबिन कॉर्बेट, माल्कम को, सायलस लेकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक चिकाटीचं काम हाती घेतलं. जवळजवळ दर आठवड्याला काही तास रॉसीनं छोट्या मेघाकडे पाहायचं. हे सत्र २०१२ च्या जानेवारीत उपग्रह बंद होईपर्यंत चाललं. बहुतेक स्पंदक वर्षातले फार थोडे दिवस जागे असतात, त्यामुळे एकदा डोकावून येण्यात अर्थ नव्हता. जो रोज दार ठोठावतो, त्यालाच घरातलं माणूस भेटतं.

ठेका शोधतात कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. दुर्बिणीकडून जे येतं ते म्हणजे एक लांबलचक यादी. प्रत्येक ओळीत एका क्ष-किरण कणाची नोंद: तो कधी आला, किती ऊर्जेचा होता. अंधूक स्रोत असेल तर काही सेकंदांत मिळून एखादा कण. आणि त्यात भेसळही असते, कारण पार्श्वभूमीचे, शेजारच्या स्रोतांचे, उपकरणातल्या गोंगाटाचे कणही त्याच यादीत येऊन बसतात. यादी वाचून डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. पहिलं काम वेळेची दुरुस्ती करण्याचं. उपग्रह पृथ्वीभोवती आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे एकच ठोका आपल्याला कधी मिनिटांनी लवकर मिळतो, कधी मिनिटांनी उशिरा. म्हणून प्रत्येक नोंद सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी आली असती तर किती वाजता आली असती, असं गणित करून सगळ्या वेळा बदलून घेतात. मग एक ठेका धरून पाहायचा, समजा शंभर सेकंद. सगळा काळ शंभर-शंभर सेकंदांच्या पट्ट्यांत कापायचा आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींवर रचायच्या. ठेका चुकीचा असेल तर कण सगळीकडे सारखे पसरतात. बरोबर असेल तर एका बाजूला हळूहळू उंचवटा उभा राहतो. मग ठेका किंचित बदलायचा आणि पुन्हा रचायचं. संगणक असे लाखो ठेके तपासतो. योगायोगानंही उंचवटे उठतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या उपग्रहावर तोच ठेका पुन्हा मिळाला तरच नाव नोंदवतात.

नावही ठेक्यावरूनच. एसएक्सपी १०६२ म्हणजे छोट्या मेघातला १०६२ सेकंदांचा क्ष-किरण स्पंदक. रॉसीच्या बाबतीत ही पद्धत फार सोयीची पडली, कारण त्याला ठेका कळे पण पत्ता कळत नसे. पत्ता द्यायला १९९९ मध्ये उडालेल्या दोन दुर्बिणी होत्या, अमेरिकेची चंद्रा आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन. त्यांना चित्र काढता येतं. त्यांनी दिलेल्या जागेवर दृश्य प्रकाशात पाहिलं, की बहुतेक वेळा तिथे एक निळसर, तापलेला तारा सापडे, आणि तो जवळजवळ नेहमी एकाच जातीचा निघे.

त्या जातीचा पहिला तारा महाराष्ट्रातून सहज दिसतो. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’ आकारातला मधला तारा, गॅमा कॅसिओपिया. १८६६ मध्ये इटलीतले आंजेलो सेक्की यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. इतर ताऱ्यांत त्या जागी काळ्या रेषा असतात. असे तारे स्वतःभोवती इतक्या वेगानं फिरतात, की त्यांच्या विषुववृत्तावरचा वायू सुटून बाहेर पडतो आणि ताऱ्याभोवती चकती तयार होते. तेजस्वी रेषा त्या चकतीच्या. यांना बी-ई तारे म्हणतात. जोडीतल्या न्यूट्रॉन ताऱ्याची कक्षा लांबोडकी असेल, तर तो प्रत्येक फेरीत एकदा या चकतीजवळून किंवा तिच्यातून जातो, हात मारून वायू उचलतो, काही दिवस क्ष-किरणांत झळकतो आणि पुन्हा दूर जाऊन मंदावतो. कधी चकतीच फार फुगते, आणि मग कक्षेचं वेळापत्रक न पाळता आठवडेच्या आठवडे प्रचंड उद्रेक होतो.

या चकत्यांवर पहारा ठेवण्याचं काम पोलंडच्या ओगल प्रकल्पानं केलं. १९९२ मध्ये चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेत सुरू झालेला हा प्रकल्प वेगळ्याच कामासाठी होता. दूरच्या ताऱ्यासमोरून अदृश्य वस्तू गेली तर ताऱ्याचा प्रकाश वाढतो, ते टिपायचं. त्यासाठी मेघांतल्या कोट्यवधी ताऱ्यांची तेजस्विता रात्रीमागून रात्री मोजली गेली. त्या नोंदींत आपले बी-ई तारेही आपोआप आले होते. न्यूट्रॉन तारा चकतीला धक्का देऊन गेला की ताऱ्याचं तेज किंचित हलतं, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींतून ती हालचाल कक्षेचा काळ सांगते. क्ष-किरणांनी ठेका दिला, चिलीतल्या दुर्बिणीनं कक्षा दिली.

ठेका आणि कक्षा यांचं नातं रॉबिन कॉर्बेट यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. बी-ई जोड्यांमध्ये ज्या न्यूट्रॉन ताऱ्याची कक्षा मोठी, तो स्वतःभोवती सावकाश फिरतो. कक्षा लहान असेल तर झपाट्यानं. कारण असं, की जवळच्या कक्षेत दाट वायू मिळतो आणि तो न्यूट्रॉन ताऱ्याला वेग देत राहतो. दूरच्या कक्षेत वायू विरळ, आणि तिथे वेगानं फिरणारं चुंबकीय क्षेत्र येणाऱ्या वायूला आत घेण्याऐवजी भिरकावून देतं. त्यात ताऱ्याची फिरकी खर्च होते आणि तो मंदावतो. प्रत्येक तारा आपल्या अन्नाच्या मानानं एका वेगावर येऊन ठरतो. छोट्या मेघातल्या डझनावारी जोड्या आलेखावर मांडल्या तेव्हा हे नातं तिथेही टिकलं.

आता मूळ प्रश्न. एवढी गर्दी का?

पहिलं कारण काळाचं. व्हॅलिया अँटोनिऊ, अँड्रियास झेझास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक साधी पण सुरेख तुलना केली. छोट्या मेघाच्या वेगवेगळ्या भागांत तारे कोणत्या काळात किती जन्मले, हे त्या भागातल्या ताऱ्यांच्या रंग-तेजावरून काढता येतं. हे स्पंदक कुठे जास्त आहेत, ते त्या नकाशावर ठेवलं. उत्तर आलं: जिथे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्माची लाट आली होती, तिथे. त्याहून कोवळ्या भागात ते कमी, म्हाताऱ्या भागात नाहीतच. बी-ई तारे नेमके या वयात सर्वांत जास्त संख्येनं दिसतात, आणि जोडीदाराचा स्फोट होऊन न्यूट्रॉन तारा उरायलाही साधारण इतकाच काळ लागतो. आकडा ऐकायला फार मोठा वाटतो, पण रायगड ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. छोट्या मेघातले हे तारे जन्मले तेव्हा सह्याद्रीचा दगड अडीच कोटी वर्षांचा जुना होता. आणि आता त्या ताऱ्यांपैकी कित्येक स्फोट होऊन संपलेही.

म्हणजे ही गर्दी कायमची नाही. मोठा मॅगेलनी मेघ छोट्याहून कितीतरी वजनदार, पण त्यात इतके स्पंदक दिसत नाहीत, कारण तिथल्या जन्माच्या लाटा वेगळ्या काळात आल्या. छोट्या मेघात आणखी काही कोटी वर्षांनी हे बी-ई तारेही संपतील आणि ठोके थांबतील. लाट ओसरण्याच्या नेमक्या वेळी तिथे पाहणारं कुणीतरी आहे, एवढाच आपला वाटा.

दुसरं कारण मालमसाल्याचं. छोट्या मेघातल्या वायूत हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या साधारण एक पंचमांश आहे. जड अणू कमी असले की ताऱ्याचा प्रकाश त्याच्या बाहेरच्या थराला फार जोरानं ढकलू शकत नाही, ताऱ्यापासून वाहणारा वारा मंद राहतो आणि वाऱ्याबरोबर फिरकी वाया जात नाही. म्हणून तिथे गरगरणारे, चकतीवाले तारे प्रमाणानंच जास्त.

आणि ही गर्दी आपल्याला इतकी स्वच्छ दिसते, त्यात अंतराचाही हात आहे. १९१२ मध्ये हार्वर्डमध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी याच मेघातल्या २५ स्पंदनशील ताऱ्यांवरून तेज आणि काळ यांचा तो प्रसिद्ध नियम काढला, आणि त्यावर विश्वाची अंतरं मोजली गेली. त्यांना तो सापडू शकला, कारण मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. जो जास्त तेजस्वी दिसतो, तो खरोखरच जास्त तेजस्वी असतो. क्ष-किरण स्पंदकांनाही तेच लागू पडतं. आपल्या आकाशगंगेत स्पंदकाचं अंतर ठरवताना दमछाक होते आणि मध्ये धुळीचे ढग आडवे येतात. छोटा मेघ आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असल्यामुळे मधलं अवकाश बरंच मोकळं आहे. एकाच मेघानं शंभर वर्षांच्या अंतरानं दोनदा तीच मदत केली.

या सगळ्या यादीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा सभासद एसएक्सपी १०६२. एनजीसी ६०२ या कोवळ्या तारकागुच्छाच्या आसपासचा भाग चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन यांनी पाहिला, तेव्हा तो सापडला. शोध २०११ च्या अखेरीस जाहीर झाला. स्वतःभोवती एक फेरा मारायला त्याला पावणेअठरा मिनिटं लागतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या मानानं हे फारच सुस्त. नवल इतकंच असतं तर यादीत दुसरे सुस्त स्पंदकही आहेत. पण एसएक्सपी १०६२ भोवती वायूचा एक फिकट गोल कवचासारखा पसारा आहे: त्याला जन्म देणाऱ्या स्फोटाचे अवशेष. असे अवशेष लाखभर वर्षांच्या आत विरून जातात. म्हणजे हा स्पंदक तरुण आहे, दहा ते चाळीस हजार वर्षांचा. न्यूट्रॉन तारे जन्मतात तेव्हा सेकंदाच्या काही शतांश भागात एक फेरा मारत असतात, असा सर्वसाधारण समज. इतक्या थोड्या काळात एवढी सुस्ती आली कशी? काहींच्या मते त्याचं चुंबकीय क्षेत्र जन्मतः नेहमीच्या शेकडो पट होतं आणि त्यानं फिरकीला करकचून ब्रेक लावला. काहींना वाटतं, तो जन्मलाच सावकाश. प्रश्न मोकळा आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचं बालपण आणि त्याचा जोडीदार एकाच चौकटीत दिसणं इतकं दुर्मीळ, की या एका जोडीवर कित्येक वर्षं काम चालू आहे.

यादीत दुसरं टोकही आहे. छोट्या आणि मोठ्या मेघाच्या मध्ये वायूचा आणि तरुण ताऱ्यांचा एक पूल आहे, दोघांच्या ओढाताणीतून निघालेला. त्या पुलावरच्या आरएक्स जे०२०९ नावाच्या स्रोताचे उद्रेक रोसॅटनं १९९३ मध्ये पाहिले होते. मग सव्वीस वर्षं तो गप्प. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो पुन्हा पेटला आणि ९.३ सेकंदांचा ठेका पहिल्यांदा कळला. त्याच्याकडे वळलेल्या उपग्रहांत भारताचा ॲस्ट्रोसॅट होता, २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला. त्यावरचं मोठं क्ष-किरण उपकरण, लॅक्सपीसी, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं. आयुका या खगोलसंस्थेतल्या जयश्री रॉय आणि ॲस्ट्रोसॅटच्या उभारणीतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ पी. सी. अग्रवाल यांचा सहभाग असलेल्या गटानं २०२० मध्ये दाखवलं, की हा स्पंदक त्या उद्रेकात एडिंग्टन मर्यादेच्या कित्येक पट तेजानं जळत होता.

ही मर्यादा समजायला सोपी आहे. पडणारा वायू प्रकाश निर्माण करतो, तो प्रकाश मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. एका तेजापलीकडे ढकलणं खेचण्याच्या बरोबरीला येतं आणि पुढचा पुरवठा तुटायला हवा. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी ही मर्यादा साधारण पन्नास हजार सूर्यांइतकी. ती ओलांडता येते, कारण चुंबकीय क्षेत्र वायूला अरुंद खांबासारखं ध्रुवावर उतरवतं आणि प्रकाश खांबाच्या बाजूंनी निसटतो, येणाऱ्याच्या वाटेत उभा राहत नाही. २०१४ मध्ये एम-८२ या दीर्घिकेतल्या एका अतितेजस्वी स्रोताचा ठेका सापडला तेव्हा असे न्यूट्रॉन तारे असतात हे पक्कं झालं, पण एम-८२ तब्बल सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. तिथल्या जोडीदाराकडे नीट पाहता येत नाही. मेघांच्या पुलावर तीच घटना साठपट जवळ घडली. आणि तिच्याकडे कुलाब्यात बांधलेलं उपकरण पाहत होतं, जिथे ते आकाश कधी उगवतही नाही.

हा पहारा रॉसीबरोबर संपला नाही. २०१६ पासून स्विफ्ट उपग्रहानं छोटा मेघ शंभराहून अधिक तुकड्यांत वाटून जवळजवळ दर आठवड्याला प्रत्येक तुकड्याकडे मिनिटभर पाहायला सुरुवात केली. एक मिनिट म्हणजे काहीच नाही, पण कुणी जागं झालं आहे एवढं कळायला ते पुरतं.

त्याच वर्षी फ्रँक हाबर्ल आणि रिचर्ड स्टर्म यांनी मेघातल्या खात्रीच्या सगळ्या जोड्यांची मोजदाद केली. जोड्या भरल्या १२१, आणि ठेका माहीत होता ६३ जोड्यांचा. उरलेल्या ५८ गप्प का? काही नुसत्या झोपलेल्या असतील. काहींचे ध्रुव अक्षाच्या इतके जवळ असतील, की फिरण्यानं फरक पडत नाही. पण काहींमध्ये न्यूट्रॉन ताराच नसेल, ही शक्यता सर्वांत रोचक. बी-ई ताऱ्याबरोबर श्वेतबटू, म्हणजे हलक्या ताऱ्याचा मागे उरलेला गाभा, अशा जोड्या भरपूर असाव्यात असं गणित सांगतं, आणि हाती लागलेल्या मात्र मोजक्या. मे २०२४ मध्ये त्याच वर्षी उडालेल्या चीनच्या आइन्स्टाइन प्रोब उपग्रहाला छोट्या मेघात एक झळाळी दिसली. तिचे क्ष-किरण फार मृदू होते आणि ती आठवड्याभरात विझलीही. वर्णपटावरून ठरलं, की बी-ई ताऱ्याशेजारी एक जड श्वेतबटू आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर साठलेला वायू पेटून उठला होता. गप्प जोड्यांत आणखी असे किती आहेत, ते त्यांच्या पुढच्या उद्रेकातच कळेल, आणि बहुतेक उद्रेक काही दिवसच टिकतात.